हिशेबाच्या टेबलासाठी लॅपटॉप: चाळीस हजारांत काय पाहावे?

वाचकाचे पत्र

मी सांगलीच्या गावभागात राहते. मार्केट यार्डातल्या काही हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची खाती मी घरी बसून टॅलीवर लिहिते आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरते. माझा डेस्कटॉप २०१३ सालचा आहे. त्यावर विंडोज ७ आहे, रॅम ४ जीबी आणि हार्ड डिस्क ५०० जीबीची आहे. आता तो सुरू व्हायलाच फार वेळ घेतो आणि काम ऐन रंगात आले की अडकतो. मुलगी यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गेली आहे आणि तिलाही अभ्यासासाठी संगणक हवा आहे. दोघींत मिळून एक लॅपटॉप घ्यावा असे ठरवले असून चाळीस हजारांपर्यंत तयारी आहे. दुकानदार म्हणतात, घ्यायचा तर आय-५च घ्या. पुण्याचा भाचा म्हणतो, त्याच पैशात जुना गेमिंग लॅपटॉप मिळेल. संगणक दुरुस्त करणारे म्हणतात, एसएसडी बसवा, हाच आणखी चार वर्षे चालेल. कोणाचे ऐकावे? आणि जुन्या डेस्कटॉपचे काय करावे? त्यात श्री-लिपीच्या मराठी फॉन्टात टाइप केलेली बरीच पत्रे आहेत आणि त्याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही जोडलेला आहे.

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्याला तिघांनी तीन सल्ले दिले आहेत आणि प्रत्येकाच्या सांगण्यात काही ना काही तथ्य आहे. मात्र या यंत्रावर महिन्याच्या कोणत्या तारखेला आपले काय काम असते, हे तिघांपैकी कोणी विचारलेले दिसत नाही. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्यांचे जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरण) अकरा तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे विवरण) वीस तारखेपर्यंत जावे लागते. त्या दिवसांत यंत्र बंद पडले, तर विलंब शुल्काचा भुर्दंड व्यापाऱ्याला बसतो आणि शब्द आपल्याला ऐकावा लागतो. म्हणून आपल्यासाठी लॅपटॉप निवडताना मी वेगापेक्षा भरवशाला अधिक महत्त्व देईन. नवे यंत्र कोणते घ्यावे याइतकीच काळजी जुन्यातले काम नव्यात सुखरूप कसे न्यावे याचीही घ्यावी, असेही मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

दुरुस्ती करणाऱ्यांचा सल्ला आधी पाहू, कारण तो सर्वांत स्वस्त आहे आणि पूर्ण चुकीचाही नाही. आपल्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि माहिती वाचणारे टोक प्रत्येक वेळी योग्य जागी सरकत जाते. एसएसडीत फिरणारा किंवा सरकणारा एकही भाग नसल्यामुळे जुना संगणकही एसएसडी बसवल्यावर लक्षणीय चपळ होतो. परंतु आपली खरी अडचण वेगाच्या पुढची आहे. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, आणि क्रोम ब्राउझरची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ वर चालणारी शेवटची ठरली. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि २०१३ च्या यंत्रात तो असणे शक्य नाही. ही अट चुकवून विंडोज ११ बसवून देणारे लोक भेटतील, पण ज्या संगणकावर इतरांच्या जीएसटी खात्यांचे पासवर्ड आणि बँकेचे व्यवहार आहेत, त्यावर अशी पळवाट मला मान्य नाही. घरात केवळ पत्रलेखनासाठी आणि गाणी ऐकण्यासाठी संगणक वापरला जात असता, तर मी एसएसडी बसवून त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली टाका असे निःशंकपणे सांगितले असते.

भाच्याच्या सल्ल्याला फार वेळ द्यायला नको. गेमिंग लॅपटॉपची जादा किंमत त्यातल्या वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची असते आणि टॅली, एक्सेल किंवा जीएसटीचे संकेतस्थळ यांना त्या कार्डाचा काडीचा उपयोग नाही. शिवाय तो वजनाला जड असतो, त्याची बॅटरी लवकर उतरते आणि आधीच्या मालकाने तो किती तापवला आहे हे बाहेरून कळत नाही. आपली तयारी वीस-बावीस हजारांचीच असती, तर कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक या मालिकांतले वापरलेले लॅपटॉप पाहा असे मी म्हटले असते, कारण त्यांची बांधणी मजबूत असते. मात्र तेथेही आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरचे यंत्र घेऊ नये.

आता दुकानदारांच्या आय-५ विषयी. येथे मी थोडा थांबणार आहे, कारण बहुतेक ग्राहक याच ठिकाणी फसतात. आय-३, आय-५, आय-७ ही नावे इंटेलच्या एकाच पिढीतल्या प्रोसेसरांची आपापसांतली पायरी सांगतात. वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना त्यांच्यावरून करता येत नाही. २०१५ साली आलेल्या आय-५ ६२००यू या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये दोनच कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) होते आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो बसत नाही, तर बाराव्या पिढीच्या आय-३ १२१५यू मध्ये सहा कोअर आहेत. ‘आय-५ आहे’ एवढेच सांगून विकला जाणारा जुना लॅपटॉप नव्या आय-३ पेक्षा पुष्कळ मागे असू शकतो. म्हणून दुकानात पूर्ण क्रमांक विचारावा आणि इंटेलच्या या चार आकडी क्रमांकांत सुरुवातीचा भाग पाहावा: १२१५ मधले १२ आणि १३१५ मधले १३ ही पिढी होय; जुन्या ६२०० मध्ये मात्र पहिला ६ एवढाच पिढीचा. हे दोन्ही आय-३ आपल्या कामाला पुरून उरतील. सेलेरॉन एन४५०० सारखे दोन कोअरचे प्रोसेसर असलेले लॅपटॉप पंचवीस हजारांच्या आतबाहेर दिसतात, पण ते घेऊ नयेत. दोन वर्षांत आपण पुन्हा आजच्याच तक्रारीशी याल.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरांत वाईट काही नाही, उलट पुष्कळदा त्याच पैशात ते अधिक देतात, परंतु त्यांच्या ७००० मालिकेतले क्रमांक वाचताना फार जपावे लागते. तेथे पहिला आकडा बाजारात येण्याचे वर्ष सांगतो आणि प्रोसेसरची मूळ रचना कोणत्या पिढीची आहे हे तिसऱ्या आकड्यात दडलेले असते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे ऐकायला जुळी वाटतात, पण पहिल्यात जुन्या झेन २ रचनेचे चार कोअर आहेत आणि दुसऱ्यात झेन ३ रचनेचे सहा. दोन्हींवर चिकटवलेले ‘रायझन ५’ हे लेबल मात्र एकच. आपल्या पैशात ७५३०यू मिळाला तर तो आनंदाने घ्यावा. ७५२०यू चालणारच नाही असे नाही, पण त्याच्यासोबतची रॅम नेहमीच मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते, आणि मला अधिक काळजी त्याची वाटते.

ती काळजी अशी. कमी किमतीच्या अनेक लॅपटॉपांत आता रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे ८ जीबी घेतली तर ते यंत्र शेवटपर्यंत ८ जीबीचेच राहते. आज टॅली, एक्सेल, ब्राउझरमधली सात-आठ पाने आणि व्हॉट्सॲप एवढे एकत्र उघडे ठेवायला ८ जीबी पुरते, पण जेमतेम. आणि आपण डेस्कटॉप एवढी वर्षे वापरला असल्यामुळे हाही निदान सहा-सात वर्षे वापराल, हे मी गृहीत धरतो. तेवढ्या काळात १६ जीबीची गरज नक्की पडेल. यासाठी एक तर आत्ताच १६ जीबीचा लॅपटॉप घ्यावा किंवा ८ जीबीचा घ्यायचा तर त्यात रॅमसाठी एक मोकळा स्लॉट असल्याची खात्री करून घ्यावी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरले आहेत हे दिसते, परंतु सोल्डर केलेली रॅमही तेथे कधी कधी स्लॉट म्हणून मोजली जाते. तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलचे माहितीपत्रक उघडून रॅम ‘ऑनबोर्ड’ आहे की काढता-घालता येते, हे मुलीकडून वाचून घ्यावे. चाळीस हजारांत उत्तम प्रोसेसर आणि अडकलेली ८ जीबी रॅम, किंवा साधा आय-३ आणि वाढवता येणारी रॅम, अशी निवड करावी लागली, तर आपण दुसरा घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

साठवणुकीसाठी ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी असावी. २५६ जीबीतही आपली खाती मावतील, पण मुलीचे चार वर्षांचे साहित्य त्यात भर घालील. ईएमएमसी साठवण असलेला लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी नको, कारण ती एसएसडीच्या मानाने पुष्कळ संथ असते आणि सहसा बदलताही येत नाही.

पडद्याबाबत आपल्या डोळ्यांचा विचार आधी व्हावा. १९२० बाय १०८० म्हणजे फुल एचडी पडदा असेल तर एक्सेलचे अधिक स्तंभ एका नजरेत दिसतात. १३६६ बाय ७६८ चा पडदा अजूनही काही स्वस्त मॉडेलांत दिला जातो, तो नाकारावा. आयपीएस प्रकारचा पडदा बाजूने पाहिला तरी रंग उडत नाहीत, आणि व्यापारी शेजारी बसून आपल्यासोबत खाते तपासत असेल तेव्हा ही गोष्ट उपयोगी पडते. आकार १५.६ इंचांचा घ्यावा असे मी सुचवीन, कारण त्या आकाराच्या बहुतेक लॅपटॉपांत उजवीकडे आकड्यांचा वेगळा कीपॅड असतो. दिवसभर आकडेच टाइप करणाऱ्या माणसाला त्याच्याविना १४ इंची लॅपटॉपवर काम करणे किती जाचक होते, हे विकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मुलीला थोडे जास्त वजन उचलावे लागेल, हे खरे.

घरी मात्र आपण लॅपटॉपकडे मान वाकवून बसू नये. आपला जुना मॉनिटर चालू असेल तर तोच वापरावा. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असतो आणि जुन्या मॉनिटरला बहुधा निळी व्हीजीए वायर असते. दोन्हींना जोडणारा एचडीएमआय ते व्हीजीए ॲडॉप्टर काहीशे रुपयांत मिळतो. जुना कीबोर्ड यूएसबीचा असेल तर तोही तसाच लागेल. गोल पिनचा असेल, तर नवा घेणे सोपे. असे केले की कामाची मांडणी पूर्वीसारखीच राहते आणि मुलीला अभ्यासाला बसायचे असेल तेव्हा दोन वायरी काढून लॅपटॉप उचलता येतो. तो दिवसभर चार्जरवरच राहणार असल्यामुळे कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असल्यास ती सुरू करावी, म्हणजे बॅटरी अधिक टिकेल. वीज गेली तरी लिहीत असलेली नोंद जाणार नाही. डेस्कटॉपचा जुना यूपीएस असेल, तर तो वायफायच्या राउटरला लावावा.

आता आपल्या कामाशी जोडलेल्या वस्तूंकडे येतो. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन (यूएसबीत लावायचे छोटे उपकरण) वापरत असाल तर लॅपटॉपला निदान दोन नेहमीचे चौकोनी यूएसबी पोर्ट हवेत, केवळ टाइप-सी असून भागणार नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप चांगले असले तरी आपण घेऊ नयेत, कारण टोकन आणि प्रिंटर यांच्या ड्रायव्हरची त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती लागते आणि ती प्रत्येक वेळी उपलब्ध असतेच असे नाही. क्रोमबुकवर टॅली थेट बसत नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या मागे रुंद पॅरलल पोर्ट असेल, तर यूएसबीतून त्याला जोडणारी केबल मिळते, परंतु ती आपल्या प्रिंटरवर छापते की नाही हे विकत घेण्याआधी दुकानात करून पाहावे. प्रिंटरचा विंडोज ११ साठी ड्रायव्हर आहे का, हेही लॅपटॉपचे पैसे देण्यापूर्वीच शोधावे.

विंडोज मूळ परवान्यासह आलेली असावी. डॉस किंवा लिनक्स असलेले मॉडेल तीन-चार हजारांनी स्वस्त दिसते आणि ‘विंडोज आम्ही टाकून देतो’ असे वर ऐकायला मिळते. ते टाकलेले विंडोज बहुधा परवान्याविना असते आणि व्यापाऱ्यांची खाती त्यावर ठेवणे उचित नाही. एमएस ऑफिस कायमचे आहे की काही महिन्यांच्या चाचणीपुरते, हेही विचारावे. लॅपटॉपसोबत ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्ती आली, तर ती घरगुती वापरासाठी असते आणि तिचा परवाना व्यवसायाला लागू होत नाही. मुलीच्या अभ्यासाला ती योग्य आहे. आपल्या कामासाठी मोफत मिळणारे लिब्रेऑफिस काही दिवस वापरून पाहावे.

कंपनी कोणती, हे आपण विचारलेले नाही आणि मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. त्याऐवजी त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून आपला पिनकोड सांगावा आणि बिघाड झाल्यास तंत्रज्ञ घरी येतो की लॅपटॉप सेवा केंद्रात न्यावा लागतो, केंद्र सांगलीत आहे की कोल्हापूर-पुण्याला पाठवावे लागते, हे विचारावे. वीस तारखेच्या तोंडावर लॅपटॉप आठ दिवस पुण्याला जाऊन राहणे आपल्याला परवडणारे नाही, म्हणून घरपोच सेवेची हमी दीड-दोन हजार जास्त देऊनही घ्यावी. ऑनलाइन विक्रीत किंमत कमी दिसली तर सांगलीच्या दुकानदाराला ती अवश्य दाखवावी. हजार-पाचशेचाच फरक राहिला, तर दुकानातून घेणे मी पसंत करीन. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे चाळीस हजारांच्या बिलात सुमारे ६,१०० रुपये कराचेच असतात. त्याचे काय करायचे आणि घसारा कसा धरायचा, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

दोघींनी एक यंत्र वापरायचे, याबद्दल दोन शब्द. विंडोजमध्ये दोघींची स्वतंत्र खाती उघडावीत आणि टॅलीची माहिती मुलीच्या खात्यातून उघडणार नाही अशी व्यवस्था करावी. नव्या लॅपटॉपांत डिव्हाइस एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक रूपात ठेवण्याची सोय) बहुधा आपोआप सुरू होते आणि यंत्र चोरीला गेले तरी त्यातली माहिती चोराला वाचता येत नाही; पण त्याची रिकव्हरी की (ते उघडण्याचा क्रमांक) मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन पाहावी आणि कागदावर उतरवून कपाटात ठेवावी, अन्यथा एखाद्या दुरुस्तीनंतर आपणच बाहेर अडकाल. दर महिन्याच्या आठ ते वीस या तारखांना लॅपटॉप कॉलेजला जाणार नाही, हे मुलीशी आधीच प्रेमाने ठरवून घ्यावे.

आता स्थलांतर. लॅपटॉप २० तारखेनंतर घ्यावा, म्हणजे पुढच्या विवरणापर्यंत तीन आठवडे हाताशी राहतात. जुन्या डेस्कटॉपवरच्या टॅलीचा पूर्ण बॅकअप आधी घ्यावा, मग तेथला परवाना ‘सरेंडर’ करावा आणि त्यानंतरच तो लॅपटॉपवर सुरू करावा. एका संगणकाचा परवाना दोन ठिकाणी चालत नाही. टॅलीच्या नोंदणीचा ई-मेल आणि पासवर्ड आपल्यापाशी आहे का, हे आजच तपासावे. नोंदणी करून देणाऱ्याच्याच ई-मेलवर परवाना असल्याचे अनेकांना ऐन वेळी कळते. नव्या यंत्रावर खाती उघडल्यावर प्रत्येक व्यापाऱ्याची तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि शेवटच्या महिन्याचा कर जुन्याशी ताडून पाहावा, आणि तो जुळल्याशिवाय डेस्कटॉपवरचे काहीही पुसू नये.

श्री-लिपीतली पत्रे लॅपटॉपवर नुसती नकलून नेल्यास त्या फॉन्टविना अक्षरे वाचता येणार नाहीत. महत्त्वाची पत्रे युनिकोडमध्ये (कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या सर्वमान्य लिपीसंकेतात) रूपांतरित करून घ्यावीत आणि बाकीच्यांचे पीडीएफ करावे. पुढचे टंकलेखन मात्र युनिकोडमध्येच करावे; विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कीबोर्ड मोफत असतात.

बॅकअपविषयी मी गावभागात राहणाऱ्या माणसाला वेगळे काय सांगावे? ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी आपल्याकडे कुठवर आले होते हे आपण पाहिलेच आहे. लॅपटॉप उचलून माडीवर किंवा नातेवाइकांकडे नेता येईल, पण धावपळीत तो राहूनही जाऊ शकतो. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात आणि तो भार काही अंशी आपल्यावर आहे. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क विश्रामबागसारख्या उंच भागातल्या विश्वासातल्या घरी ठेवून दर महिन्याला बदलावी. दुसरी प्रत पासवर्डने बंद करून क्लाउडवर रोज जावी. हे अधिकचे दोन-तीन हजार चाळीस हजारांतच बसवावेत, मग लॅपटॉप थोडा साधा घ्यावा लागला तरी चालेल.

डेस्कटॉप लगेच विकू नये. इंटरनेटची वायर काढून तो एक आर्थिक वर्ष तसाच ठेवावा, म्हणजे एखादे जुने श्री-लिपी पत्र लागले किंवा डॉट मॅट्रिक्सवर काही छापायचे राहिले तर तो उपयोगी पडेल. त्यानंतर त्याला भंगारात किंमत काही येणार नाही. पण देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी, कारण नुसत्या डिलीट केलेल्या फाइली परत मिळवता येतात आणि त्या व्यापाऱ्यांच्या आहेत.